खुब्याची सोनोग्राफी: पडद्यावर दिसला तो उंचवटा, आजार नव्हे

खुब्याच्या सांध्यातील ‘इम्पिंजमेंट’ आता सोनोग्राफीनेच ओळखता येईल. क्ष-किरणांचा धोका नाही, एमआरआयचा खर्च नाही, खेळाडूची तपासणी मैदानाच्या कडेलाच उरकेल, अशा आशयाचा मजकूर विज्ञानवार्तांमध्ये आणि समाजमाध्यमांवर अधूनमधून फिरत असतो. त्यातील प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे. सोनोग्राफीत किरणोत्सर्ग नसतो, हे खरे. ती एमआरआयपेक्षा स्वस्त आहे, हेही खरे. परंतु या अर्धसत्यांची बेरीज करून जो निष्कर्ष वाचकाच्या हाती दिला जातो, तो चुकीचा आहे. आणि भारतासारख्या देशात तो निरुपद्रवीही नाही. तरुण रुग्णाच्या खुब्यातील वेदनेचे कारण शोधण्याचे काम अशा निष्कर्षामुळे मध्येच थांबू शकते.

प्रथम हा विकार काय आहे, ते पाहू. खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील खोबणीत फिरतो. माथा आणि त्याखालची मान यांच्यामध्ये एक सुबक खळगा असतो. त्यामुळे मांडी पोटाकडे वाकवली तरी मान खोबणीच्या कडेवर आदळत नाही. काहींच्या बाबतीत हा खळगा भरून आलेला असतो आणि तेथे हाडाचा उंचवटा दिसतो. त्याला ‘कॅम’ म्हणतात. यंत्रातील विकेंद्री चाकावरून हे नाव पडले. काहींच्या बाबतीत खोबणीची कडच प्रमाणाबाहेर पुढे आलेली असते. तो ‘पिन्सर’ प्रकार. पुष्कळदा दोन्ही एकत्र आढळतात. वारंवार होणाऱ्या या घर्षणाने खोबणीच्या कडेची कूर्चेची झालर, म्हणजे लॅब्रम, आणि तिच्या लगतची कूर्चा झिजते. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यचिकित्सक राइनहोल्ड गान्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ही मांडणी केली आणि तरुणपणी झिजणाऱ्या अनेक खुब्यांचे कोडे तिने बऱ्याच अंशी उलगडले.

मांडणी नवी आणि प्रभावी असली, की तिचा अतिरेक होतो. येथेही तेच घडले. हाडाचा आकार वेगळा दिसला की इम्पिंजमेंटचे निदान, असा सोपा हिशेब रूढ होऊ लागला. त्याला आवर घालण्यासाठी २०१६ साली ‘वॉरविक करार’ या नावाने ओळखले जाणारे आंतरराष्ट्रीय मतैक्य प्रसिद्ध झाले. त्यानुसार या निदानाला तीन गोष्टी एकत्र लागतात: रुग्णाची लक्षणे, डॉक्टरांना तपासणीत आढळणाऱ्या खुणा आणि प्रतिमेत दिसणारा हाडांचा विशिष्ट आकार. ही तिपाई आहे. एका पायावर ती उभी राहत नाही. प्रतिमेसाठीही त्या कराराने आरंभ सांगितला आहे तो ओटीपोटाच्या समोरून घेतलेल्या क्ष-किरण चित्राने आणि मांडीच्या मानेच्या बाजूने घेतलेल्या दुसऱ्या चित्राने. अधिक तपशील हवा असेल, तर पुढे सीटी किंवा एमआरआय.

तीनही पायांचा आग्रह का धरावा लागतो? कारण ज्यांना काडीचाही त्रास नाही, अशांच्या खुब्यातही हा उंचवटा सर्रास आढळतो. लक्षणे नसलेल्या व्यक्तींच्या प्रतिमांवरील अभ्यासांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला आढावा सांगतो की, अशा खुब्यांपैकी सुमारे ३७ टक्क्यांत कॅम आकार होता. खेळाडूंमध्ये हे प्रमाण जवळजवळ ५५ टक्के, तर इतरांमध्ये सुमारे २३ टक्के होते. म्हणजे उद्या एखाद्या कबड्डी संघाच्या सर्व खेळाडूंचे खुबे तपासले आणि निम्म्यांत उंचवटा सापडला, तर त्यातून सिद्ध काय होईल? खेळाडू वाढीच्या वयात भरपूर खेळले, एवढेच फार तर म्हणता येईल. कारण पौगंडावस्थेतील जोरकस खेळाचा आणि या उंचवट्याच्या वाढीचा संबंध फुटबॉल व बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलांच्या अभ्यासांतून दिसून आला आहे.

आता सोनोग्राफीकडे वळू. तिच्या मर्यादा कोणाच्या कौशल्याच्या अभावातून आलेल्या नाहीत. त्या भौतिकशास्त्राच्या आहेत. ध्वनितरंग मऊ ऊतींमधून सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातात. हाडाच्या पृष्ठभागावर पोहोचताच त्यांचा मोठा भाग परावर्तित होतो आणि उरलेला शोषला जातो. परिणामी पडद्यावर हाडाची पुढची कड एखाद्या तेजस्वी रेषेसारखी दिसते, आणि तिच्या मागे काळोख. खुब्याच्या समोरून यंत्राचा प्रोब टेकवला, की माथ्याचा आणि मानेचा फक्त पुढचा पृष्ठभाग दिसतो. खोबणीच्या आत दडलेला माथा दिसत नाही. खोबणीची खोली, तिचा कल, मांडीच्या हाडाला पडलेला पीळ यांपैकी काहीच धडपणे मोजता येत नाही. म्हणजे पिन्सर प्रकाराचे मूल्यमापन जवळजवळ बाहेरच राहते. लॅब्रमचाही पुढचा भाग तेवढा दिसतो. खोलवरच्या कूर्चेची झीज दिसत नाही.

कॅम मोजण्यासाठी ‘अल्फा कोन’ वापरतात. त्यासाठी माथ्याला एक वर्तुळ बसवावे लागते, त्याचा मध्य काढावा लागतो आणि हाडाची कड त्या वर्तुळाबाहेर नेमकी कोठे पडते, ते पाहावे लागते. सोनोग्राफीत त्या वर्तुळाचा केवळ एक लहानसा कंस हाती येतो. शाळेत कंपास हाताळलेल्या कोणालाही कळेल की, तुटपुंज्या कंसावरून अख्खे वर्तुळ रेखाटताना मध्यबिंदू सहज सरकतो, आणि मध्य सरकला की कोनही बदलतो. त्यात प्रोब काही अंशांनी तिरपा झाला, पाय थोडा आत-बाहेर वळला, तर आणखी फरक. शिवाय हा उंचवटा बहुधा पुढच्या आणि वरच्या कोपऱ्यात असतो. प्रोबची पातळी तेथून न जाता सरळ पुढून गेली, तर तो निसटतो. म्हणूनच या पद्धतीची एमआरआयशी तुलना करणाऱ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत: काहींत जुळणी चांगली, काहींत असमाधानकारक. अनुभवी हातांनी, निवडक रुग्णांवर, एका पातळीत मिळालेल्या चांगल्या आकड्यांवरून ‘सोनोग्राफीने निदान शक्य’ असे शीर्षक बेतणे ही विज्ञानवार्ता नव्हे. ती जाहिरात झाली.

विद्यार्थ्यांनी येथे एक नामसाधर्म्यही ध्यानात ठेवावे. सोनोग्राफीच्या जगात ‘अल्फा कोन’ हा शब्द फार जुना आहे. ऑस्ट्रियाचे राइनहार्ड ग्राफ यांनी १९८० च्या सुमारास तान्ह्या बाळांच्या खुब्याची सोनोग्राफी रूढ केली, तेव्हापासूनचा. त्या कोनाचा संबंध खोबणीच्या हाडी छताशी आहे. तो ६० अंश किंवा त्याहून अधिक असणे चांगले. इम्पिंजमेंटमधील अल्फा कोन मांडीच्या हाडाचा आहे. तेथे ५५-६० अंशांच्या पुढे गेलेला कोन संशयास्पद मानतात. एकाच नावाचे दोन कोन: एक मोठा असावा, दुसरा लहान. ‘अल्फा कोन ६२’ एवढेच लिहिलेला अहवाल बाळाच्या बाबतीत दिलासा देतो आणि प्रौढाच्या बाबतीत शंका निर्माण करतो. या विषयावरील बातम्या हा भेद सांगण्याची तसदी क्वचितच घेतात.

याचा अर्थ प्रौढांच्या खुब्यात सोनोग्राफी कुचकामी आहे, असा मुळीच नाही. सांध्यात पाणी साठले आहे का, सांध्यापुढचा स्नायुबंध कट् आवाज करत हाडावरून सरकतो का, नितंबाच्या स्नायुबंधांना इजा आहे का, लॅब्रमलगत गाठ आहे का, या प्रश्नांना ती उत्तम उत्तरे देते. हालचाल चालू असताना पाहता येणे, हे तिचे वैशिष्ट्य एक्स-रेला नाही. सांध्यात नेमकी सुई पोहोचवून भुलीचे औषध देता येते. त्याने वेदना तात्पुरती थांबली, तर ती सांध्यातूनच येत होती, हे कळते. ही कामे महत्त्वाची आहेत. परंतु ती निदानाला हातभार लावतात. निदानाची जागा घेत नाहीत. ज्या साधनाला जे येते त्याबद्दल त्याचे कौतुक करावे. जे येत नाही ते त्याच्या माथी मारले, की साधनही बदनाम होते आणि रुग्णही फसतो.

भारताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक गंभीर का, ते आता पाहू. इम्पिंजमेंटची संकल्पना ज्या युरोपीय रुग्णालयांत घडली, तेथील तरुणाच्या जांघेतील वेदनेची संभाव्य कारणे आणि भारतीय तरुणाच्या वेदनेची संभाव्य कारणे यांची क्रमवारी एकच नाही. येथे माथ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मृत होणे, म्हणजे ॲव्हॅस्क्युलर नेक्रोसिस, हे तरुणांतील खुबेदुखीचे मोठे कारण आहे. स्टिरॉइड औषधांचा वापर आणि मद्यपान यांच्याशी त्याचा संबंध आहे. कोविडनंतर २०२१ मध्ये मुंबईतील डॉक्टरांनी अशा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, तेव्हा हा शब्द देशभर पोहोचला. विदर्भापासून मध्य प्रदेश, छत्तीसगड, ओडिशा, गुजरातपर्यंतच्या अनेक आदिवासी भागांत सिकलसेल आजार आहे. त्याच्या रुग्णांतही खुब्याचा माथा असाच मरतो. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, ते काही उगाच नाही. त्यात भर क्षयरोगाची: हाडांच्या क्षयात मणक्याच्या खालोखाल खुब्याचा क्रम लागतो. तरुणांतील पाठ आखडणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसही खुब्याला सोडत नाही.

या यादीसमोर सोनोग्राफीचा पडदा ठेवून पाहावा. रक्तपुरवठा तुटल्याची प्रक्रिया माथ्याच्या आत, हाडाच्या गर्भात सुरू होते. ध्वनितरंग जेथे पोहोचतच नाहीत, तेथे. आरंभीच्या अवस्थेत तर साधे क्ष-किरण चित्रही स्वच्छ दिसते. एमआरआय मात्र तो बदल दाखवते. क्षयात सांध्यातील पाणी सोनोग्राफीला दिसेल, पण ते ‘इम्पिंजमेंटमुळे आलेली सूज’ म्हणून खपून जाण्याची भीती आहे. आणि पडद्यावर योगायोगाने एक उंचवटाही दिसला, तर? लक्षणे नसलेल्या तीनांपैकी एका खुब्यात तो दिसतोच. कारण सापडले, असे समजून शोध थांबतो. रुग्णाला व्यायाम सांगितले जातात, कदाचित शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो, आणि तेवढ्या महिन्यांत माथा ढासळतो किंवा क्षय पसरतो. जी अवस्था वेळेवर कळली असती तर सांधा वाचवता आला असता, तिचे रूपांतर कृत्रिम सांध्यात होते. चुकीच्या बातमीची खरी किंमत ही आहे.

किरणोत्सर्गाच्या भीतीचेही माप घेतले पाहिजे. ओटीपोटाच्या एका क्ष-किरण चित्रातून शरीराला मिळणारी मात्रा साधारण ०.६ मिलिसिव्हर्ट असते. जगातील सरासरी माणसाला निसर्गातूनच वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट मिळतात. म्हणजे एका चित्राची मात्रा तीन महिन्यांच्या नैसर्गिक मात्रेइतकी. गर्भवतींच्या बाबतीत दक्षता हवी, विनाकारण पुनःपुन्हा चित्रे काढू नयेत, हे निर्विवाद. पण योग्य कारणासाठी काढलेल्या एका-दोन चित्रांचा बागुलबुवा करून त्याहून अपुरी तपासणी विकणे, याला रुग्णहित म्हणता येत नाही. खर्चाचा युक्तिवादही येथेच कोसळतो: सोनोग्राफी एमआरआयपेक्षा स्वस्त आहे, हे सांगताना त्याहून स्वस्त आणि ग्रामीण रुग्णालयांपर्यंत पोहोचलेला एक्स-रे सोयीस्करपणे विसरला जातो.

आणखी एक तक्रार वरचेवर ऐकू येते: गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यामुळे सोनोग्राफी यंत्रे क्रीडावैद्यकाच्या हाती येत नाहीत, त्यामुळे देश मागे पडतो. या कायद्याचा इतिहास महाराष्ट्रातील वाचकाला तरी सांगावा लागू नये. १९८८ साली असा कायदा करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य. केंद्राचा कायदा १९९४ चा, अंमल १९९६ पासून. शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलांमागे मुलींची संख्या १९९१ मध्ये ९४५ होती. ती २००१ मध्ये ९२७ वर आली. यंत्राची आणि जागेची नोंदणी, फिरत्या यंत्रांवरील निर्बंध, हे सारे त्या घसरणीला दिलेले उत्तर आहे. त्याच्या अंमलबजावणीतील कागदी जाच कमी व्हावा, ही मागणी रास्त आहे. परंतु खुब्याच्या नावाने सरसकट सूट मागणाऱ्यांनी एक तांत्रिक गोष्ट लक्षात घ्यावी. मनगट किंवा खांदा पाहणारा उच्च वारंवारतेचा प्रोब फार खोलवर पाहू शकत नाही. खुबा मात्र खोल असतो. धष्टपुष्ट मल्लाचा किंवा स्थूल व्यक्तीचा खुबा पाहण्यासाठी कमी वारंवारतेचा वक्र प्रोब लागतो, आणि गर्भ पाहण्यासाठीही तोच वापरतात. मैदानाच्या कडेला तो मोकळा फिरू द्यावा, असे म्हणण्याआधी त्याने तेथे नेमके काय साधेल, ते सिद्ध करावे लागेल. आजवर ते झालेले नाही.

मग मैदानाच्या कडेला काय करावे? याचे उत्तर कंटाळवाणे आहे, म्हणूनच ते बातमी होत नाही. डॉक्टरांनी किंवा फिजिओथेरपिस्टने खेळाडूला उताणे झोपवावे, गुडघा व खुबा काटकोनात वाकवावा आणि मांडी आतल्या बाजूस किती वळते, ते कोनमापकाने मोजावे. नेदरलँड्समध्ये खुबा किंवा गुडघा दुखू लागलेल्या १,००२ व्यक्तींचा पाच वर्षे पाठपुरावा झाला. ८३ अंशांहून मोठा अल्फा कोन आणि २० अंश किंवा त्याहून कमी अंतर्वलन, या दोन गोष्टी ज्यांच्यात एकत्र होत्या, त्यांच्यापैकी निम्म्याहून किंचित अधिक खुबे त्या काळात पूर्ण झिजले. चित्राला हाताच्या तपासणीची जोड मिळाली, तेव्हा कोठे भाकिताला बळ आले. त्या अभ्यासातील चित्र साध्या क्ष-किरणांचे होते आणि कोनमापकाची किंमत नगण्य असते.

शस्त्रक्रियेबाबतही असाच संयम हवा. ब्रिटनमधील २३ रुग्णालयांत ३४८ रुग्णांवर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते की, दुर्बिणीद्वारे केलेली शस्त्रक्रिया आणि नियोजित फिजिओथेरपी या दोन्हींनी रुग्ण सुधारले. वर्षभरानंतर शंभर गुणांच्या मापनात शस्त्रक्रियेची सरशी ६.८ गुणांची होती. हा फरक अर्थपूर्ण आहे, पण चमत्कार नाही. शिवाय ते रुग्ण लक्षणे आणि तपासणी यांच्या आधारे निवडलेले होते. केवळ चाळणी-तपासणीत सापडलेल्या उंचवट्यांसाठी हा पुरावा लागू होत नाही. तसेच ‘सामान्य’ कोनाच्या मर्यादा मुख्यतः पाश्चात्त्य लोकसंख्येवरून ठरल्या आहेत. बीजिंगमधील स्त्रियांच्या खुब्यांची अमेरिकेतील गौरवर्णीय स्त्रियांशी तुलना केली असता आकारात स्पष्ट फरक आढळला. मग मांडी घालून जेवणाऱ्या, उकिडवे बसून काम करणाऱ्या भारतीय शरीरांवर त्याच मर्यादा डोळे झाकून का लावाव्यात?

सोनोग्राफीने खुबे वाचवायचेच असतील, तर तिची खरी जागा पाळण्यापाशी आहे. जन्मतः उथळ खोबण किंवा निसटलेला सांधा पहिल्या काही आठवड्यांत ओळखला, तर बहुधा पट्ट्यांच्या साध्या आधाराने बरा होतो; चालायला लागल्यावर कळला, तर शस्त्रक्रिया अटळ होऊ शकते. त्या वयात माथा अजून कूर्चेचा असतो, ध्वनितरंग त्यातून आरपार जातात, आणि म्हणूनच ग्राफ यांची पद्धत तेथे चालते. पाय सरळ ओढून बाळाला दुपट्यात करकचून गुंडाळण्याने हा धोका वाढतो. कडेवर घेतलेल्या बाळाचे पाय मात्र आपोआप योग्य रीतीने फाकतात. सोनोग्राफीच्या यंत्राचा प्रत्येक तास मोलाचा असलेल्या देशात तो तास उलट्या प्रसूतीच्या किंवा घरात या दोषाचा इतिहास असलेल्या बाळाला द्यावा, की काहीही न दुखणाऱ्या खेळाडूच्या खुब्यातील उंचवटा शोधण्यात घालवावा? याचे उत्तर अवघड नाही.

विज्ञानाची बातमी वाचणाऱ्याने आणि लिहिणाऱ्याने म्हणून प्रत्येक नव्या तपासणीला काही साधे प्रश्न विचारावेत. ती कोणाशी ताडून पाहिली? निरोगी माणसांत तिचा निकाल काय येतो? ती जे दाखवू शकत नाही, त्यात रुग्णाचा खरा आजार दडलेला असू शकतो का? सोनोग्राफीच्या अहवालातही ‘पुढील भागात हाडाचा उंचवटा दिसतो, लक्षणे व तपासणीशी पडताळावे’ एवढेच लिहिले जावे, ‘इम्पिंजमेंट’ हा शब्द रुग्णाला हात लावून तपासणाऱ्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावा. आणि जांघेत सतत दुखणाऱ्या, रात्री वेदनेने जाग येणाऱ्या, लंगडू लागलेल्या तरुणाला पडद्यावरील एका उंचवट्याच्या भरवशावर कोणीही घरी पाठवू नये.